सरकारनं उंबरठा कधी ओलांडावा? पुण्याच्या प्लेगची उजळणी

आजचा विषय असा : नागरिकाच्या आयुष्यात, विशेषतः त्याच्या औषधपाण्याच्या निर्णयात, सरकारनं किती लक्ष घालावं? हल्ली या प्रश्नावर चर्चा सुरू झाली की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, साथ आली की सरकारनं सांगावं आणि आपण मुकाट ऐकावं. दुसरा म्हणतो, शरीर माझं, घर माझं, सरकारचा काय संबंध? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद फळ्यावर मांडून दाखवणं आम्हाला अवघड नाही. पण फळ्यावर कुणी आजारी पडत नाही, कुणाचं घर उघडून कुणी आत शिरत नाही. म्हणून आज आपण हा प्रश्न एका शहराच्या इतिहासात नेऊन बघू. शहर पुणं, साल १८९७.

पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला रँड, चाफेकर आणि टिळक आठवतात. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट पिस्तुलापाशी सुरू होते आणि फाशीपाशी संपते. त्या गोळीच्या आधी काय काय झालं, कोणता कायदा आला, तो कसा राबवला गेला आणि लोकांनी काय मागितलं, हे आपण सहसा वाचत नाही. आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथंच आहे.

सुरुवात मुंबईत झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदी आणि गोदामांची वस्ती, धान्याचे ढीग आणि उंदरांचं राज्य. ऑक्टोबरमध्ये पालिकेनं रुग्णांना सक्तीनं इस्पितळात हलवण्याचे अधिकार घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पालिकेनं मग हात थोडा आखडता घेतला, कारण सफाई कामगारच शहर सोडून गेले तर मुंबईचं काय होईल, ही भीती खरी होती.

पण दडपण बाहेरूनही येत होतं. युरोपातल्या देशांना मुंबईची जहाजं नको होती. व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती आणि हिंदुस्थानातून जाणारी हजची यात्रा थांबवायची वेळ आली होती. व्यापार अडला की सरकारला जाग येते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. कलकत्त्याच्या कायदे मंडळात साथरोगांचा कायदा मांडला गेला आणि आठवडाभरात, ४ फेब्रुवारी १८९७ ला, मंजूरही झाला.

हा कायदा आपण नीट बघूया. त्यात कलमं फक्त चार. पहिलं कलम नावापुरतं. दुसरं म्हणतं, नेहमीचे कायदे पुरेसे नाहीत असं सरकारला वाटलं तर ते कोणत्याही माणसाला कोणतेही उपाय करायचा अधिकार देऊ शकतं : प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळं ठेवणं, सगळं काही. तिसरं म्हणतं, न ऐकणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या १८८ कलमाखाली शिक्षा. आणि चौथं म्हणतं, या कायद्याखाली सद्भावनेनं काही केलं असेल, तर त्याबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. लोकांनी काय करायचं, ते त्यात आहे. सरकारनं लोकांचं काय देणं लागतं, याबद्दल एक ओळ नाही. किती दिवस, कोणत्या मर्यादेत, तक्रार कुठं करायची, नुकसानभरपाई कोण देणार, यातलं काहीच नाही.

हा कायदा घेऊन वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात आला. आधी तो साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर होता. फेब्रुवारीत त्याला खास प्लेग समितीचा अध्यक्ष नेमलं. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत घरोघर झडत्या चालल्या. झडती घेणाऱ्या तुकड्यांत गोरे सैनिक होते. पद्धत अशी : वाड्यात शिरायचं, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही सोडायचं नाही. आजारी सापडला तर त्याला इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत पाठवायचं. सामान बाहेर काढायचं, काही जाळायचं, जमीन खणायची, भिंतींना चुना मारायचा. रेल्वे स्टेशनावर उतारूंची तपासणी वेगळीच.

आता न्यायबुद्धीनं एक गोष्ट कबूल करूया. रँड राक्षस नव्हता. तो कामसू अधिकारी होता आणि शहरात माणसं खरोखर मरत होती. लोक रोगी लपवत होते, प्रेतं गुपचूप नेत होते. लपवण्यानं साथ वाढेल ही अधिकाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. इंग्रज सरकार दुष्ट म्हणून हे घडलं, इतकं सोपं उत्तर घेऊन आपण निघालो तर आजच्या काळासाठी आपल्याला काहीच शिकायला मिळणार नाही. चांगल्या हेतूनं केलेली सक्ती कुठं बिघडली, ते शोधायला हवं.

पहिला बिघाड ज्ञानाचा. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिननं शोधला होता. पण तो उंदराच्या पिसवांमधून माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी सात-आठ वर्षं गेली. म्हणजे १८९७ मध्ये सरकार माजघरात शिरलं, तेव्हा रोग कसा पसरतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. माणसं उचलली जात होती आणि उंदीर, पिसवा तिथंच राहत होत्या. उलट आपल्याकडच्या खेड्यांत पुढं एक रीत पक्की रुजली : उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं. हिमालयात गढवाल-कुमाऊँकडे ही रीत आधीपासून होती. शास्त्राच्या आजच्या कसोटीला ही झोपडीच अधिक उतरते. अज्ञान हा गुन्हा नाही. पण ज्याचं ज्ञान अर्धं आहे, त्यानं सक्ती करताना हात किती सैल ठेवावा, याचा विचार त्या कायद्यात नव्हता.

दुसरा बिघाड तक्रारीचा. पुण्याची तेव्हाची मागणी काय होती, हे बघण्यासारखं आहे. टिळकांनी प्लेगच्या उपायांना सरसकट विरोध केला, असा एक गैरसमज आहे. ते स्वतः पुण्यात राहिले, हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उभं करण्यात पुढं होते, रोगी वेगळा ठेवण्याची गरज त्यांनी लोकांना सांगितली. शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना ‘केसरी’नं खडसावलंही. त्यांचा राग सैनिकांच्या वागण्यावर होता आणि त्या वागण्याची दाद लागत नाही यावर होता.

दाद मागणाऱ्यांचं काय झालं? पंडिता रमाबाईंनी, म्हणजे ज्यांना सनातनी पुण्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा बाईंनी, इस्पितळात त्यांच्या संस्थेतल्या मुलीच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. सरकारनं ते नाकारलं. सरदार नातू बंधूंपैकी बाळासाहेब झडत्यांच्या कामात मदत करत होते आणि त्यातल्या गैरप्रकारांच्या तक्रारीही समितीकडे नेत होते. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. त्यानंतर सरकारनं नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, अटकेत टाकलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात अत्याचारांबद्दल सांगितलं. परत आल्यावर पुरावा देणारं कुणी पुढं येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली.

खुनाचं समर्थन करायला आम्ही इथं उभे नाही. पण क्रम लक्षात घ्या. खुनाच्या आधी तक्रारींना उत्तर नव्हतं, आणि खुनानंतर तक्रार करणं हाच संशय ठरला. गोखल्यांना पुरावा का मिळाला नाही? ज्या घरावर प्रसंग ओढवला, त्या घरातली बाई कुणासमोर उभी राहून सांगणार होती? ऐकणारा कुणी तटस्थ माणूस त्या व्यवस्थेत नेमलेलाच नव्हता. चौथ्या कलमानं कोर्टाचं दार आधीच लावून घेतलं होतं.

त्याच पुण्यात, त्याच दिवसांत, दुसरंही एक उदाहरण होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं, आणि त्यांना प्लेगची बाधा झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लष्करी झडत्या सुरू झाल्या त्या तीन दिवसांनी. दोन्हीकडे रोगी घरातून उचलून वेगळाच ठेवला जात होता. पण उचलणारं माणूस कोण आहे, यावर लोक रोगी लपवतात की पुढं आणतात, हे अवलंबून असतं.

आता थोडं विलायतेकडे वळूया, कारण ज्या सरकारनं हे केलं त्याच्या मायदेशात याच काळात काय चाललं होतं, ते कळल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. इंग्लंडमध्ये १८५३ पासून देवीची लस बाळांना सक्तीची होती. न टोचणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा, दंड न भरल्यास तुरुंग. त्याविरुद्ध लोक संघटित झाले. १८८५ मध्ये लेस्टर गावात प्रचंड मोर्चा निघाला. सरकारनं रॉयल कमिशन नेमलं, त्यानं सात वर्षं साक्षी घेतल्या, आणि १८९८ मध्ये कायदा बदलला : सदसद्विवेकाला पटत नाही असं न्यायाधीशापुढं सांगणाऱ्या पालकाला सूट मिळू लागली. आम्ही लसविरोधकांचं कौतुक करत नाही. देवीच्या लसीनं जगाचं भलंच केलं आहे. आम्ही दाखवतोय ते साल. ज्या वर्षी लेस्टरच्या चांभाराला ‘मला पटत नाही’ असं सांगायची सोय झाली, त्याच वर्षी दामोदर चाफेकर येरवड्याला फासावर गेला. राणी एकच होती.

या फरकामागं एक विचार होता आणि तो आमच्या विषयातला आहे. जॉन स्टुअर्ट मिलचा ‘ऑन लिबर्टी’ १८५९ चा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर सत्ता चालवायची ती फक्त दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी. त्याचं स्वतःचं भलं, हे कारण पुरेसं नाही. साथीच्या रोगात दुसऱ्याला इजा होते हे उघड आहे, तेव्हा साथीत सरकारनं काहीच करू नये असं मिलच्या आधारे म्हणता येणार नाही. पण याच मिलनं हेही लिहून ठेवलं की हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. हा गृहस्थ तीस-पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता! म्हणजे स्वातंत्र्याचं तत्त्व तयार झालं तेव्हाच आपल्याला वगळून तयार झालं.

इथं कुणी म्हणेल, मग टिळकांची भूमिकाच बरोबर, सरकारनं घरात शिरूच नये. थांबा. सहाच वर्षं मागं जाऊ. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्याला एक खटला गाजला होता : फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मेली होती. कायद्यानं वय दहावरून बारावर नेलं, इतकंच. पुण्यात त्यावर रण माजलं. परक्या सरकारनं आमच्या घरात, धर्मात हात घालू नये, असं टिळक म्हणत होते. आगरकर म्हणत होते, मुलीचा जीव जातोय आणि तुम्ही उंबरठ्याची गोष्ट करताय.

या वादात आमचं मत आगरकरांच्या बाजूनं आहे. घराच्या आत जो दुबळा आहे, त्याला ‘घर माझं’ म्हणायचा अधिकारच कुणी दिलेला नसतो. त्याच्यासाठी बाहेरून कुणीतरी आत यावं लागतं. त्यामुळे उंबरठा ओलांडावा की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. १८९१ मध्ये सरकारनं ओलांडला ते योग्य झालं. १८९७ मध्येही काही प्रमाणात ओलांडणं आवश्यक होतं. पण १८९१ च्या कायद्यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, सभा झाल्या, वैद्यांचे आणि शास्त्र्यांचे पुरावे आले, आणि अंमलबजावणी कोर्टामार्फत होती. १८९७ ला आठवडाभरात कायदा, सैनिकांच्या हाती अंमल, आणि दाद नाही. अधिकार असणं वेगळं आणि त्या अधिकाराचा जाब देणं वेगळं. आमचा सगळा मुद्दा या एका फरकावर उभा आहे.

मग त्या सक्तीचं पुढं काय झालं? मार्च १८९८ मध्ये मुंबईत झडतीवरून दंगल झाली. त्यानंतर सरकारनं हळूहळू माघार घेतली : लष्करी झडत्या कमी, जातवार इस्पितळं, गावच्या वैद्य-हकिमांची मदत, स्वयंसेवक. पुण्याच्या पुढच्या साथीत खुद्द गोखले स्वयंसेवक म्हणून राबले. वाल्डेमार हाफकिननं मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. तीही सक्तीनं न देता समजावून देण्यावर भर राहिला. आगाखानांसारख्यांनी लोकांसमोर टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लसीतून धनुर्वात होऊन १९ माणसं गेली, हाफकिनवर ठपका आला, आणि तो निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. तरी लस टिकली. प्लेगनं देशात पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. सक्तीनं तो थांबला नव्हता, आणि सक्ती सैल केल्यानं तो थांबला असंही आम्ही म्हणणार नाही. फरक एवढाच पडला की लोक दवाखान्याचं नाव काढलं की पळायचे थांबले.

‘ते परकं सरकार होतं, आपलं असतं तर असं झालं नसतं,’ असं इथं हमखास कुणीतरी म्हणतं. त्याचं उत्तर १९७६ मध्ये आहे. आणीबाणीच्या त्या एका आर्थिक वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना कोटे ठरवून दिले होते. शहा आयोगानं नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद केली. आणि महाराष्ट्रानं काय केलं? तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक देशात सर्वप्रथम आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, हे आपलं नशीब. सरकार आपलं होतं, निवडून आलेलं होतं. पण वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधक तुरुंगात होते, कोर्टं हतबल होती. म्हणजे १८९७ चं चौथं कलमच वेगळ्या रूपात लागू होतं.

त्याची किंमत कुणी मोजली? १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं, कुटुंब नियोजनाचं नाव बदलून कुटुंब कल्याण झालं. पण पुरुष नसबंदी त्यानंतर कधी सावरलीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे, पुरुषांचं ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही! ज्यांचा त्या कोट्यांशी संबंध नव्हता, त्या पुढच्या पिढ्यांतल्या बायका ते ओझं उचलत आहेत. इतर कारणं आहेतच, पण त्या वर्षाच्या भीतीचा वाटा त्यात मोठा आहे.

आता आपल्या काळाकडे. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा राज्यांनी हाती घेतलेला कायदा तोच, १८९७ चा. १२३ वर्षांनी. एप्रिलमध्ये त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी. ती हवीच होती. पण चौथं कलम तसंच राहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी सुरू झाली ती दोन डोस घेतलेल्यांसाठी. ज्याची रोजी लोकलवर आहे, त्याच्यासाठी ही अट ऐच्छिक किती आणि सक्तीची किती, हा प्रश्न रास्त होता. फरक असा की तो प्रश्न विचारायला यावेळी जागा होती. नागरिक कोर्टात गेले, सरकारला कागद दाखवावे लागले. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी निकाल दिला : शरीराची स्वायत्तता जगण्याच्या हक्कात येते, कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, सार्वजनिक आरोग्यासाठी काही निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात हवेत आणि त्यामागं पुरावा हवा. आम्हाला हा निकाल समतोल वाटतो. त्यात सरकारला हाकलून दिलेलं नाही आणि मोकळंही सोडलेलं नाही.

शेवटी, पुढच्या साथीत, आणि ती येणार आहे, आपण काय विचारायचं ते सांगून थांबतो. माझ्यापासून दुसऱ्याला इजा होते आहे का, की सरकार मला माझ्याच भल्यासाठी दटावतंय? जे करताय ते उपयोगी आहे हे तुम्हाला आज किती ठाऊक आहे? याहून सौम्य उपाय करून पाहिला का? हे किती दिवस चालणार? आणि तुमचा माणूस चुकला तर मी कुणाकडे जायचं? पहिल्या चारांची उत्तरं थोडी कच्ची असली तरी साथीच्या घाईत आपण समजून घेऊ. पाचव्याचं उत्तर मात्र कायद्यात लिहिलेलंच हवं. ते आजही त्यात नाही. संसदेनं नवा आरोग्य कायदा करावा आणि त्यात नागरिकाच्या दादेचं एक कलम घालावं, हे आपल्या प्रतिनिधींना विचारणं साथ नसतानाच शक्य असतं. साथ आली की सगळे आठवडाभरात कायदे करायला बसतात.